गावकीची ताटं

८ जानेवारी

आज परत धूर. शाळेमागच्या खड्ड्यात कोणीतरी गावाचा कचरा पेटवून दिला आणि सातवीची पोरं खोकत बसली. बाहेर जाऊन बघितलं तर थर्माकोलच्या प्लेटा, प्लास्टिकचे ग्लास, वेफर्सची पाकिटं. पेटवणारा अर्थातच पसार. ग्रामसेवकाला फोन केला, तो म्हणाला लेखी द्या. मागच्या वेळचं लेखी अजून त्याच्या टेबलावरच असेल.

मी आता ठरवलं आहे. बदली होऊन सावरकोंडात आलो त्याला दुसरं वर्ष लागलं. मोठ्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे पुरतं कळलं. रोजचा कचरा कसा कमी करायचा ते पोरांनाच शिकवायचं आणि पोरांकडून गावाला. विनिताला सांगितलं. बायको म्हणून कौतुकाचे दोन शब्द बोलेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मागच्या वर्षी झाडांचं घेतलं होतंत." झाडं बकऱ्यांनी खाल्ली, त्यात माझा काय दोष?

१३ जानेवारी

शाळेत पाकिटबंद खाऊ आणायचा नाही, असा नियम केला. आज सुजित स्टीलच्या डब्यात वेफर्स घेऊन आला. पाकीट कुठे, विचारलं तर म्हणे रघूच्या दुकानातच फोडून टाकलं. "सर, शाळेत कचरा झाला का?" असं वर मलाच विचारतो. सगळा वर्ग हसला. हा सुजित म्हणजे गावकीचे प्रमुख अंबाजीबाबा यांचा नातू, त्यामुळे तोंडाला कुलूप नाही.

रघू दुकानदारानेही आज माझ्याकडे बघून मान फिरवली. सुट्टे पैसे मात्र बरोबर परत दिले.

१७ जानेवारी

अख्ख्या वर्गात एकटी प्रणाली अशी आहे की जिला मी काय बोलतो ते कळतं. आज विचारलं, गावात सगळ्यात जास्त कचरा कशाचा? पोरांनी पाकिटं, पिशव्या, बाटल्या अशी नेहमीची उजळणी केली. ती उठून म्हणाली की सर, तो सगळा थोडा, खरा कचरा जेवणावळीचा. बरोबर आहे. या गावात महिन्याला काही ना काही असतंच. पूजा, बारसं, साखरपुडा, कोणाचं दिवसकार्य. प्रत्येक वेळी प्लेटांचा ढीग ओढ्यात, आणि ओढा जातो खाडीला. मी तरी कोणाला नावं ठेवू? आमच्या उरणकडे हळदीला इतक्या बाटल्या पडतात की सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नसते.

मग प्रणालीनेच सांगितलं की देवळाच्या माळ्यावर गावकीची स्टीलची ताटं पडून आहेत. लगेच शिडी लावून पोरांना घेऊन वर गेलो. गोणपाटाखाली ताटांच्या चळती, वाट्या, पेले, सगळ्यांवर मुंबई मंडळाचं, म्हणजे तिकडे नोकरीला गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाचं, नाव कोरलेलं. अख्खं गाव जेवेल इतकी भांडी! ती वापरायची सोडून हे लोक थर्माकोल आणतात, ज्याला बंदी आहे म्हणे. का बंद पडली, ते पोरांना माहीत नाही. मला माहीत आहे. आळस, दुसरं काय.

२२ जानेवारी

गावकीची बैठक. इथे ग्रामपंचायतीचं कोणी ऐकत नाही, पण गावकीचा शब्द कोणी मोडत नाही. सगळ्या घरांची मिळून ती जुनी पंचायत. मोडला तर दंड, आणि दंड नाही भरला तर तुमच्या घरच्या कार्याला कोणी येणार नाही.

पोरांनी घोषणा दिल्या, प्रणाली छान बोलली. पुढच्या महिन्यात गावची पूजा आहे, तेव्हापासून थर्माकोल बंद आणि गावकीची ताटं चालू, अशी माझी मागणी. मी वाद घालायच्या तयारीने गेलो होतो. अंबाजीबाबा म्हणाले, "म्हात्रे गुरुजींचं बराबर हाय," आणि सगळ्या बापयांनी, म्हणजे पुरुषांनी, माना डोलावल्या. चहा यायच्या आत ठराव झाला.

बायका मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यातल्या आवडाबाई, बचत गटाच्या अध्यक्षा, एवढंच म्हणाल्या, "घासायचं कोन?" अंबाजीबाबा म्हणाले, पयल्यासारखी पाळी, घरटी एक बाई. आवडाबाई उठून गेल्या. चांगल्या कामात मोडता घालणारं कोणी ना कोणी असतंच. बचत गट चालवणाऱ्या बाईकडून मात्र माझी ही अपेक्षा नव्हती.

२९ जानेवारी

आवडाबाई शाळेत आल्या होत्या. पूजेपुरतं तरी पत्रावळीचं बघा म्हणाल्या. मी त्यांना प्लास्टिक मातीत किती वर्षं राहतं, माशांच्या पोटात कसं जातं, तिथून आपल्या पोटात कसं येतं, सगळं समजावून सांगितलं. फळ्यावर चित्रही काढलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. अडाणीपणावर औषध आहे, हट्टावर नाही.

रात्री जेवताना हे विनिताला सांगितलं. ती म्हणाली, "त्या काय विचारायला आल्या होत्या, ते तुम्ही ऐकलंत का?" ऐकलं नसतं तर एवढं समजावलं कशाला असतं? हिलाही कधी कधी माझ्या विरुद्ध बाजूला उभं राहायची हौस येते. मी ताट सारलं आणि वहीकडे वळलो. तिने ते जरा जोरातच उचललं.

४ फेब्रुवारी

आनंदाची बातमी. तालुक्याला म्हसळ्यात शाळांच्या स्वच्छता उपक्रमांचं सादरीकरण आहे, बरोबर पूजेच्या दुसऱ्या दिवशी. आपल्या शाळेतर्फे प्रणाली बोलेल. आपलं भाषण तिने स्वतः लिहिलं आहे, मी फक्त दोन ठिकाणी "प्रदूषण" घातलं.

यात माझा आणखी एक डाव आहे. आपली शाळा सातवीपर्यंत. पुढे म्हसळ्याच्या हायस्कूलला पाठवायचं की घरी बसवायचं, हे प्रणालीच्या घरी ठरत नाही. बाप मुंबईला कंपनीत, सणावाराला येतो, तेव्हा त्याच्याशी बोलायची सोय नसते. पोरगी माईकवर बोलली, पेपरात फोटो आला, की तो नाही म्हणणार नाही. एवढी हुशार मुलगी या डोंगरात भात लावत बसली तर माझ्या मास्तरकीचा उपयोग काय?

९ फेब्रुवारी

पूजा झाली. काय दिवस होता! देवळासमोर मांडवात स्टीलची ताटं चमकत होती. भात, डाळ, बटाट्याची भाजी, शिरा. मुंबईकर मंडळींनी ताटांचे फोटो काढले, माझेही काढले. पंगत सुरू व्हायच्या आधी अंबाजीबाबांनी मला बोलायला लावलं. बोललो, जरा लांबलं. ओढ्यात आज एकही प्लेट गेली नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं समाधान क्वचित मिळालं असेल.

दोन गोष्टी खटकल्या. तिसऱ्या पंगतीची ताटं ओली होती आणि एकाला तर चक्क भात चिकटलेला. आणि सहावी-सातवीच्या मुली पंगतीला दिसल्याच नाहीत. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच कुठे तरी खेळत बसल्या असतील.

१० फेब्रुवारी

लिहायला हात वळत नाही इतका राग आला आहे.

प्रणाली आलीच नाही. सहाआसनी रिक्षा थांबवून ठेवली, ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी सुजितला उभं केलं. त्याने पहिल्या चार ओळी ठणठणीत म्हटल्या, मधलं सगळं विसरला आणि "जय हिंद" करून खाली बसला. परीक्षकांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. बक्षीस एका मातीच्या कुंड्यांवाल्या शाळेला गेलं.

एवढी मेहनत घेतली त्या मुलीवर. निरोप तरी द्यावा!

१२ फेब्रुवारी

प्रणाली आजही नाही म्हणून संध्याकाळी तिच्या घरी गेलो. तिला चार शब्द सुनावायचे होते. तिची आई मैना ओटीवर घोंगडी घेऊन पडलेली. पूजेच्या आधीपासून ताप. प्रणाली आत चुलीपाशी होती. बाहेर आली तेव्हा हात पाठीमागे. दाखव म्हटलं. बोटं राखेने आणि साबणाने सोललेली, काही ठिकाणी चिरा पडलेल्या. आई आजारी, घरात दुसरी बाई नाही, म्हणून आईची पाळी तिने केली. पहिल्या पंगतीपासून शेवटच्या टोपापर्यंत. नुसती तीच नाही, जिथे जिथे बाई अडलेली तिथली मुलगी. मी माईकवर बोलत होतो तेव्हा या सगळ्या देवळामागे नळावर होत्या.

मी म्हणालो, मला कळवायचं तरी. मी अंबाजीबाबांना सांगितलं असतं. मैना उठून बसली.

"गुरुजी, प्रनालीच्या वेळी मला आठवा मयना व्हता. पाळी आली, बसले घासाया. कोन बापया ऊठ म्हनला न्हाय. तवा आमी बायांनी गटाचं पैसं काढलं आनी ती थर्माकोलची ताटं आनली. गावानं न्हाय आनली, आमी आनली. आता तुमी कचरा कमी केलात, आनी काम वाढलं. ते कुनाच्या वाट्याला आलं, ते कुनाला इचारलंत का?"

कचरा वाईटच, असं काहीतरी पुटपुटलो. प्रणालीने पाणी आणून दिलं. पेला तिने दोन्ही तळव्यांत धरला होता, बोटं उचलून. घरी येताना वाटेत मला रडू आलं, हे इथे लिहून ठेवतो, कोणाला सांगणार नाही.

१५ फेब्रुवारी

अंबाजीबाबांकडे गेलो. म्हटलं, ठरावात एक दुरुस्ती करा. घरटी एक बाई नको, घरटी एक माणूस. कधी बापया, कधी बाई. बाबा आधी समजले नाहीत. समजल्यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बापयांनी उष्टी काढायची? गुरुजी, तुमी उरनला काढता काय?"

मी नाही काढत. तसं म्हणालो नाही.

बाबांनी उलट चांगली बातमी म्हणून सांगितलं की मुंबई मंडळाला ताटं इतकी आवडली की आता बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्या कार्यांना तीच वापरायची, आणि पाळी चुकवील त्याला दंड. "तुमचं नाव निघालं गावात." निघालं खरं. आपण पेरलेलं असं उगवावं, याचा राग कोणावर काढू?

७ मार्च

प्रणालीची गैरहजेरी वाढली आहे. मैनाचा ताप गेला, अशक्तपणा जात नाही. गेल्या आठवड्यात एक बारसं, त्याआधी एक साखरपुडा. मुलगी दुसऱ्या दिवशी येते आणि बाकावर पेंगते. मी कचऱ्याचा विषय काढला की वहीत डोकं घालते. आधी हीच सगळ्यात पुढे हात वर करायची.

१६ मार्च

आज पराक्रम केला. वरच्या वाडीत तेरावं होतं. जेवण झाल्यावर पँट दुमडून थेट नळावर गेलो आणि बायकांच्या रांगेत बसलो. चालती बोलती रांग एकदम गप्प. पदर सावरले गेले. दोघी उभ्या राहिल्या, गुरुजी खाली बसलेत तर आपण कसं बसायचं म्हणून. मी तीन ताटं घासली. आवडाबाईंनी तिन्ही हातात घेऊन बघितली आणि परत ढिगात टाकली.

"गुरुजी, तुमी उठा. तुमी बसलात त आमाला दोनदा घासाया लागतं, आनी बोलाया पन येत न्हाय."

उठलो. सगळ्या हसल्या, म्हाताऱ्या कृष्णाबाई तर तोंडाला पदर लावून. पुरुषांच्या बाजूला आलो तर तिथेही हसत होते. निदान बायकांच्या हसण्यात राग नव्हता.

१२ एप्रिल

अंबाजीबाबांच्या मुलीचं, क्रांतीचं, लग्न वीस तारखेला. सगळ्या गावाची धावपळ. प्रणालीचा बापही येणार आहे. ताटं पुन्हा मोजून, पुसून ठेवली आहेत. आज रघूच्या दुकानासमोर आवडाबाई, मैना आणि क्रांती स्वतः उभ्या होत्या, हळू आवाजात बोलत. मला बघून थांबल्या. लग्नाच्या खरेदीचं असणार.

२० एप्रिल

जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर माझा मलाच विश्वास बसणार नाही.

लग्न लागलं. पहिली पंगत वऱ्हाडाच्या पुरुषांची, ती उठली. ताटं देवळामागे नळावर नेऊन रचली. दुसऱ्या पंगतीला वऱ्हाडाच्या बायका बसायच्या होत्या. वाढपी ताटांची वाट बघत उभे राहिले. ताटं येईनात. मी मागे जाऊन बघितलं तर उष्ट्यांचा डोंगर, त्यावर माशा, आणि नळावर कोणीही नाही. एक पोरगीसुद्धा नाही.

सावरकोंडच्या सगळ्या बाया मांडवात नवरीभोवती बसल्या होत्या. ठेवणीतल्या साड्या, डोक्यात अबोली. अंबाजीबाबा घाईने आले, पाळी कोणाची म्हणून विचारलं. कोणी मान वर केली नाही. मग आवडाबाई म्हणाल्या, "आज आमी पावन्या." बाबांचा आवाज चढणार तेवढ्यात क्रांतीने आवडाबाईंचा हात धरला आणि बापाला म्हणाली, "बाबा, आज ह्यांनी माझ्याजवळ बसायचं. मी उद्या जानार."

व्याही बघत होता. वऱ्हाडाच्या बायका ताटांशिवाय पाटांवर बसलेल्या. बाबा माझ्याकडे वळले. "गुरुजी, ही तुमची ताटं."

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि नळावर बसलो. सुजितला, सातवीच्या बाकी पोरांना हाक मारली. आली, बिचारी खरंच आली. शाळेत पोषण आहाराचं आपलं ताट ती रोज घासतात, त्यांना त्यात काही वाटत नाही. पण पाठोपाठ त्यांचे बाप आले आणि दंडाला धरून एकेकाला घेऊन गेले. लग्नात मुलगे उष्टी काढतात होय, पाहुणे काय म्हणतील? सुजित जाताना मागे वळून बघत होता. मी एकटाच उरलो. मोठ्या माणसांपैकी एकाने तरी येऊन बसावं! सगळे हात मागे बांधून उभे. चळवळ करून, पोस्टर लावून, भाषण करून मी जो ठराव करवून घेतला, तो मोडायला त्यांना किती वेळ लागावा? रघूच्या दुकानात थर्माकोलच्या प्लेटांचे गठ्ठे तयार होते. चार तरुण धावत गेले आणि डोक्यावर घेऊन आले. ठराव कुठे गेला, दंड कुठे गेला, कोणी विचारलंही नाही. गावाला घाण चालेल, ओढा भरलेला चालेल, पण पुरुषाने ताट घासलेलं चालणार नाही.

पंगत बसली तेव्हा मी कोपरापर्यंत ओला होतो. घासलेल्या ताटांची छोटी चळत बाजूला पडून होती, तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. विनिता आली, माझ्या शेजारी बसली आणि तिने एक ताट उचललं. मी म्हटलं, राहू दे, आता कोणाला नकोत. ती म्हणाली, "उष्टी टाकून कसं जायचं?" आम्ही दोघांनी मिळून बरीच घासली. मांडवातून हसण्याचे आवाज येत होते.

२१ एप्रिल

सकाळची शाळा. ओढ्यात आणि मागच्या खड्ड्यात पांढऱ्या प्लेटांचा खच. तीन महिन्यांचं काम एका जेवणात पाण्यात गेलं. वर्गात शिरतानाच मी चिडलेला होतो, आणि प्रणाली पहिल्या बाकावर बसलेली दिसली. ताजीतवानी. तिला बघून आणखी चिडलो. म्हटलं, कालचा ढीग बघितलास? तू लिहिलेलं भाषण आठवतं का?

ती उभी राहिली.

"आठवतं, सर. सगळं पाठ हाय. प्लास्टिक वाईट हाय ते मला म्हायती हाय. पन ती ताटं निघाल्यापासून काल मी पयल्यांदा पंगतीत बसून जेवले. माझ्या बाबांच्या बाजूला. जेवताना मी त्यांना हायस्कूलचं इचारलं. ते म्हनाले, जा."

वर्ग माझ्याकडे बघत होता. गेले तीन महिने मी ज्यासाठी जिवाचं रान केलं, ते एका थर्माकोलच्या प्लेटीवर मिळालं होतं, आणि ती प्लेट आता मागच्या खड्ड्यात कुठेतरी पडली होती. मी तिला शाबास म्हणालो. मग परत एकदा म्हणालो. ती खाली बसली.

कचऱ्याचा तास होता. मी गणित घेतलं.